गोदाकाठची लेखनसंगत

लेखक एकटा बसून लिहितो हे खरे. परंतु लिहिलेले कुणाला तरी वाचून दाखवावे, त्यावर त्याचे काय म्हणणे पडते ते ऐकावे, ही ओढ लेखणीइतकीच जुनी आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास आपण शाळा-कॉलेजांतून शिकवतो, तो ग्रंथांचा आणि ग्रंथकारांचा. अमुक साली अमुक ग्रंथ झाला, त्याच्या ओव्या इतक्या, त्याचा कर्ता अमुक. आज त्याच इतिहासाची दुसरी बाजू पाहू. कोणी कोणाला वाचून दाखवले, कोणी उणे दाखवले, कोणी उतरून घेतले, आणि कोणाला त्या बैठकीत बसायला जागाच मिळाली नाही, ही ती बाजू.

मानवत, सेलू, पाथरी, गंगाखेड अशा गावांना हा विषय परका नाही. इथल्या शाळेतली एखादी मुलगी वहीच्या मागल्या पानांवर कविता लिहिते. मोंढ्यात कापसाच्या अडतीवर हिशेब मांडणारा एखादा मुनीम रात्री जागून गोष्ट लिहितो. पुढे त्या वहीचे काय होते? पुष्कळदा ती रद्दीत जाते. लिहिणाऱ्यात कस नव्हता म्हणून ती जाते असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. ती वही ऐकून घेणारे माणूस भेटले नाही, हे कारण त्यापेक्षा मोठे असते. आणि हे आजचेच आहे असेही नाही.

आपल्या मुलखापासूनच सुरुवात करू. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून आपण ‘लीळाचरित्रा’चे नाव घेतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने तो सिद्ध केला. चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांच्या आठवणी ज्याच्या-त्याच्या मनात होत्या. म्हाइंभटाने काय केले? ज्याला जी लीळा ठाऊक होती, त्याच्याकडे जाऊन ती ऐकली, लिहिली आणि नागदेवाचार्यांना दाखवून पारखून घेतली. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर तो फरक झाकला नाही. म्हणून महानुभावांच्या पोथ्यांतून अमक्याचा पाठ असा, तमक्याचा पाठ तसा, अशा नोंदी सापडतात. हा ग्रंथ एका माणसाच्या हाताचा असला तरी त्याच्यामागे अनेकांचे कान आणि अनेकांच्या जिभा आहेत. ऐकलेले जसेच्या तसे लिहावे आणि लिहिलेले जाणत्याला दाखवावे, असा लेखनाचा पहिला धडा म्हाइंभटाने घालून दिला.

त्याच पंथातला दुसरा दाखला तर आपल्या घरचा आहे. भास्करभट्ट बोरीकर या कवीचे गाव बोरी. ते आपल्याच परभणी जिल्ह्यातले समजले जाते. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्याने ‘शिशुपाळवध’ रचला. काव्य मोठे देखणे झाले. त्याने ते आपल्या गुरुबंधूला दाखवले. गुरुबंधूने ग्रंथ चांगला उतरला आहे हे मोकळेपणाने मान्य केले. पण लगेच असेही सांगितले की यात शृंगार फार झाला, संसार सोडलेल्या माणसाला हा उपयोगी पडणार नाही, संसारात रमणाऱ्यालाच तो शोभेल. आता विचार करा. वर्षानुवर्षे खपून केलेल्या काव्यावर असा अभिप्राय मिळाला तर आपण काय करू? एक तर रुसू, नाही तर अभिप्राय देणाऱ्याला रसिकता नाही म्हणू. भास्करभट्टाने पहिला ग्रंथ फाडला नाही आणि वादही घातला नाही. त्याने दुसरा ग्रंथ लिहायला घेतला. भागवताच्या एकादश स्कंधावरची त्याची ‘उद्धवगीता’ अशी जन्माला आली. आज आपल्याजवळ दोन्ही ग्रंथ आहेत. पहिल्यात कवीची हौस दिसते, दुसऱ्यात त्याचा विचार दिसतो. एका स्पष्ट बोलणाऱ्या सोबत्यामुळे मराठीला एक ग्रंथ जास्तीचा मिळाला.

याच काळातली नरेंद्र कवीची हकिकत ‘स्मृतिस्थळा’त सांगितली आहे. देवगिरीच्या रामदेवराय यादवापुढे त्याने आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचले. राजा इतका भारावला की हा ग्रंथ माझ्या नावावर कर, ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, असे म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. असे केले तर आमच्या कविकुळाला बोल लागेल, हा त्याचा मुद्दा. ध्यानात घ्या, तो ‘मला’ बोल लागेल असे म्हणाला नाही, कविकुळाला लागेल असे म्हणाला. लिहिणाऱ्यांचे एक कूळ आहे, आणि आपली रचना आपल्या नावाने व दुसऱ्याची त्याच्या नावाने सांगणे ही त्या कुळाची अब्रू आहे, ही समज आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी होती. आज कुणाची कविता खालचे नाव खोडून मोबाईलवरून सर्रास पुढे पाठवली जाते, तेव्हा नरेंद्राची आठवण होते.

आता गोदावरीच्या काठी गंगाखेडला येऊ. जनाबाई मूळची इथली. लहानपणीच ती पंढरीला नामदेवाच्या घरी गेली. त्या घरात आणि त्या वाळवंटात जे घडत होते, त्याला आजच्या भाषेत लेखकांचे मंडळ म्हणायला हरकत नाही. शिंपी, माळी, कुंभार, सोनार, महार, न्हावी आणि एक दासी, अशी ती माणसे एकमेकांची रचना ऐकत होती व एकमेकांवर अभंग रचत होती. जनाबाईच्या नावावर असलेल्या एका अभंगात तर कोणाचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादीच आहे. ज्ञानेश्वरांचा लेखक सच्चिदानंदबाबा, सावता माळ्याचा काशिबा गुरव, चोखोबाचा अनंतभट्ट. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या चोखोबाचे शब्द एक भट लिहून घेतो, ही गोष्ट लहान नव्हे. कवी जगतो तो लिहून घेणाऱ्यामुळेही जगतो, हे जनाबाईने ओळखले आणि त्या लिहिणाऱ्या हातांची नावे राखून ठेवली. दळणकांडण करणाऱ्या बाईला ते अगत्य वाटावे हे साहजिक आहे. मागे राहून काम करणाऱ्यांची कदर मागे राहणाऱ्यालाच असते.

यानंतर समर्थ रामदास. त्यांचे जन्मगाव जांब आज जालना जिल्ह्यात आहे, म्हणजे आपल्या शेजारातच. ‘दासबोध’ आपण परमार्थाचा ग्रंथ म्हणून वाचतो. परंतु मराठीत लिहिणाऱ्याला व्यवहारातल्या सूचना देणारा पहिला मोठा शिक्षकही तोच आहे. चौदाव्या दशकातल्या तिसऱ्या समासात समर्थांनी कवित्वाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिले धीट कवित्व, म्हणजे मनात आले ते जोर करून जुळवले. दुसरे पाठ कवित्व, म्हणजे पुष्कळ ग्रंथ पाहिले आणि त्यांच्यासारखे केले. तिसरे प्रासादिक, म्हणजे अनुभवातून आपसूक आलेले. शिक्षकांनी ही तीन नावे जरूर लक्षात ठेवावीत. मुलांच्या कविता वाचताना यांचा फार उपयोग होतो. पहिल्या वर्षाची कविता बहुधा धीट असते, दुसऱ्या वर्षाची पाठ. त्यात लाजण्यासारखे काही नाही; फक्त तिथेच थांबू नये.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेवरच आहे. अक्षर गोल, सरळ आणि मोकळे असावे. काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथे असावी. ओळीला ओळ लागू नये. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत यावे, जणू सगळे एका टाकाने लिहिले आहे. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचवत नाही. या सूचना वाचताना आपल्याला जाणवते की समर्थांच्या मनात लिहिणाऱ्यापेक्षा वाचणारा अधिक होता. आपण गेल्यावर कोणी अनोळखी माणूस ही पोथी उघडील, त्याला त्रास होऊ नये, एवढी काळजी त्यांनी केली. समास सोडण्यामागे इतका दूरचा विचार असू शकतो, हे मुलांना एकदा सांगून पाहावे. अक्षर सुधारण्यासाठी छडीपेक्षा ते अधिक कामी येते.

इथून आपण एकदम अलीकडे येऊ. छापखाना आला, मासिके निघाली आणि लिहिणाऱ्यांच्या बैठकीची जात बदलली. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ मध्ये दुसरी भरली, तेव्हा जोतीराव फुले यांनाही निमंत्रण गेले. ते गेले नाहीत. त्यांनी उत्तर पाठवले, त्याचा आशय असा की जे लोक सर्व माणसांचे हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा व पुस्तके मिळत नाहीत. आमच्या वाट्याला काय दुःख आले ते त्यांच्या लिखाणात येणार कुठून? मराठी साहित्यसंमेलनाचा इतिहास सांगताना हे पत्र वगळून चालत नाही. बैठक भरली एवढ्याने काम होत नाही. त्या बैठकीत कोण आहे आणि कोण बाहेर आहे, हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला तो कायमचा.

पुण्या-मुंबईखेरीज बैठकी भरत नव्हत्या असे मात्र समजू नका. खानदेशात जळगावला नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली ‘काव्यरत्नावली’ हे मासिक सुरू केले. त्यात फक्त कविता येत. जिल्ह्याच्या गावाहून, केवळ कवितेचे मासिक, आणि तेही चाळीस वर्षांहून अधिक काळ! त्याच जळगावात १९०७ साली महाराष्ट्रातले पहिले कविसंमेलन भरले. सतरा वर्षांचा एक मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, तिथे आपली कविता म्हणायला उभा राहिला. अध्यक्ष कर्नल डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवले. तेच नाव पुढे मराठीने स्वीकारले. धरणगावच्या या मुलाला वेळेवर व्यासपीठ मिळाले, वेळेवर कान मिळाले. १९१८ साली, वयाची अठ्ठावीस वर्षे पुरी होण्याआधीच, भादली स्टेशनात रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. आणखी दहा वर्षे वाट पाहावी लागली असती, तर आपल्याला काय मिळाले असते?

पण याच जळगावची दुसरीही गोष्ट आहे. संमेलन भरले तेव्हा बहिणाबाई चौधरी त्याच गावात, नथुजी चौधरींच्या घरात नांदत होत्या. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करता करता, जात्यावर दळता दळता त्या ओव्या जुळवत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातलग यांनी त्यातल्या काही वेळोवेळी उतरून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कविसंमेलनाच्या मांडवापासून ते घर काही कोसांवर नव्हते. तरी मधले अंतर तोडायला चार तपे लागली. दोष कुणाला द्यायचा? जळगावच्या रसिकांनी जे केले ते थोरच होते. पण मांडव घातला की आपण मांडवात येणाऱ्यांचेच ऐकतो. घरात, शेतात, ओट्यावर जाऊन ऐकणारा सोपानदेवासारखा कोणी असावा लागतो.

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर, ग. त्र्यं. माडखोलकर ही त्यातली मंडळी. रविवारी जमावे, चहा घ्यावा, नवी कविता एकमेकांना वाचून दाखवावी, त्यावर बोलावे, आणि वर्गणी काढून पुस्तक छापावे, असा सरळ शिरस्ता. गावोगावी कविता गाऊन दाखवण्याची पद्धत त्यांच्यातल्या यशवंत-गिरीशांनी लोकप्रिय केली. मंडळाने कवितेला श्रोता मिळवून दिला हे मोठेच काम. मात्र चहाच्या पेल्याबरोबर कौतुकाची साखरही अंमळ जास्त पडू लागते. मग बाहेरून कुणी तरी कडू औषध पाजावे लागते. ते काम १९२५ साली ‘झेंडूची फुले’मधल्या विडंबनांनी अत्र्यांनी केले. मंडळीत बसून चूक सांगणारा गुरुबंधू नसेल, तर चव्हाट्यावर हसणारा अत्रे भेटतो, एवढे यातून शिकावे.

गोष्ट कशी लिहावी हे समजावून देण्याचेही प्रयत्न याच काळात झाले. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये आले. ललित लेखनाचे तंत्र शिकता येते, शिकवता येते, असे ठणकावून सांगणारे ते पुस्तक. त्यावर वाद झाले. तंत्राने गोष्ट बांधता येईल, पण जीव कुठून आणणार, असे विरोधक म्हणत. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पुढे ‘सत्यकथा’ मासिकाने तिसरी वाट काढली. १९३३ ते १९८२ या काळात चाललेल्या या मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी नव्या लेखकाला पत्राने उत्तर देण्याची शिस्त पाळली. गोष्ट कुठे ढिली पडली, कुठले वाक्य जास्तीचे आहे, शेवट का पटत नाही, हे ते लिहून कळवीत. अशा एका पत्रावर खेड्यातल्या लेखकाचे वर्ष निघे. सगळेच त्यावर खूश होते असे नाही. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळीही केली. दार एकच असले आणि त्याला राखणदार असला की असे व्हायचेच. तरीपण नाकारताना कारण सांगण्याची ती रीत आजही अनुकरण करण्याजोगी आहे.

आणि या साऱ्या काळात आपल्या मराठवाड्यात काय चालले होते? इथे निजामाचे राज्य होते. दरबाराची, कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. गश्ती नंबर ५३ म्हणून एक हुकूम होता, त्यामुळे सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी पाहिजे. अशा राज्यात चार लोकांनी जमून कविता वाचायची म्हटली तरी पोलीस पाटलाकडे बघावे लागे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते संस्थानाच्या हद्दीबाहेरून. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा येई. छापखाना दूर, मासिके दूर, पुण्या-मुंबईच्या बैठकी त्याहून दूर. गुणी माणूस आपल्या गावात असून परगावी असल्यासारखा राही.

बी. रघुनाथ यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १९१३ सालचा, सातोन्याचा. सेलूच्या पलीकडले हे गाव तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. हैदराबादेत मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले आणि पुढे निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करली. दिवसभर रस्त्या-पुलांचे कागद, आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. ‘आलाप आणि विलाप’ हा त्यांचा कवितासंग्रह १९४१ चा. ‘साकी’ हा कथासंग्रह, ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘जगाला कळले पाहिजे’ या कादंबऱ्या. निजामी राजवटीतले कचेरीतले जग, वतनदार, कारकून, खेड्यातली अडलेली माणसे त्यांनी आतून पाहिली होती, आणि त्यांच्या भाषेत उर्दूचा जो वास आहे तो बाहेरून आणलेला नाही. तो इथल्या मातीचाच आहे. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, कचेरीत काम करीत असतानाच, वयाच्या चाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून ते गेले. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. परभणीत आज त्यांच्या नावाचे सभागृह आहे. ते असावेच. पण एवढ्या ताकदीच्या माणसाला जिवंतपणी दर आठवड्याला बसायला चार जाणते सोबती आणि उत्तर देणारा एक संपादक जवळपास असता तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

ही उणीव त्या पिढीलाही कळत होती. म्हणूनच आजच्या मराठवाडा साहित्य परिषदेचा पाया १९४३ मध्ये, निजामी राजवटीतच घातला गेला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि दारे उघडली. परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक निघाले. इथल्या नव्या लेखकाला आपले नाव पहिल्यांदा छापलेले दिसले ते पुष्कळदा त्याच्याच पानांवर. १९५८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ झाले. नांदेडला पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होते. त्यांच्याकडे विद्यार्थी आणि होतकरू लेखक जात, वाद घालत, ऐकत. १९८२ मध्ये व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, पण त्यांनी बोलते केलेली माणसे पुढे लिहिती राहिली.

फुल्यांनी १८८५ साली विचारलेल्या प्रश्नाला मराठवाड्यातूनच एक ठोस उत्तर मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. खेड्यापाड्यांतून, गावकुसाबाहेरून मुले तिथे शिकायला आली. प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी १९६७ च्या सुमारास दलित लेखनाला वाहिलेले ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक चालवायला घेतले आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते व्रत सोडले नाही. नुसते अंक काढून ते थांबले नाहीत. ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे निरनिराळ्या गावी भरू लागले. पहिल्यांदा लिहिणारा तरुण तिथे उभा राही, जे कधी कुणाला सांगितले नाही ते वाचून दाखवी, आणि ऐकणाऱ्यांत अनेकांना ते आपलेच वाटे. ज्यांना मांडवात जागा नव्हती त्यांनी स्वतःचा मांडव घातला, आणि मग मराठी साहित्यालाच त्या मांडवाखाली यावे लागले.

१९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते नारायण सुर्वे, गिरणीत आणि शाळेत शिपाई म्हणून राबलेले कवी. त्या आधी-नंतरच्या काळात इंद्रजित भालेराव यांनी ‘पीकपाणी’पासून इथल्या शेतकऱ्याची बोली कवितेत आणली. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्यात एके काळी कविता वाचायला परवानगी लागत होती, त्या जिल्ह्याची ही वाटचाल आहे. ती आपोआप झालेली नाही. कुणी तरी कुणाचे तरी ऐकले म्हणून झाली.

तर मग आपण काय करावे? शिक्षक बंधुभगिनींना आणि नव्याने लिहिणाऱ्यांना या इतिहासातूनच काही साध्या गोष्टी सांगता येतील.

लिहिलेले आधी मोठ्याने वाचावे, निदान स्वतःला ऐकू येईल इतके. आपली कविता मुळात कानाची आहे. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा शब्द उसना असतो. नंतर एका माणसाला वाचून दाखवावे. शंभरांना एकदम पाठवू नये. शंभर जण मोबाईलवर अंगठा दाखवतील. भास्करभट्टाच्या गुरुबंधूसारखा एक जण खरे सांगेल. आणि ज्याला वाचून दाखवले त्याने ‘छान’ म्हणून उठू नये. काय लक्षात राहिले, कुठे कंटाळा आला आणि काय कळले नाही, एवढे तीन प्रश्न त्याने स्वतःला विचारून उत्तरे द्यावीत. मग पुरे.

गोष्ट लिहायची तर आपल्या डोळ्यांसमोरचे माणूस घ्यावे. मोंढ्यातला हमाल, काट्यावरचा मापाडी, जिनिंगच्या दारात गाडी लावून रात्रभर नंबर धरून बसलेला शेतकरी, वेचणीला जाणारी बाई. या माणसाला आज काय पाहिजे आणि ते का मिळत नाही, एवढे नक्की झाले की गोष्ट सुरू होते. त्याच्या तोंडी त्याचीच बोली घालावी. म्हाइंभटाने ऐकलेले जसेच्या तसे लिहिले, म्हणून सातशे वर्षांनी ती माणसे आपल्याला बोलताना ऐकू येतात. वर्णनासाठी पुस्तकी शब्द शोधत बसू नये. ‘पाठ’ कवित्व म्हणतात ते हेच.

लिहिल्यावर तारीख घालावी, एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, समास सोडावा. मासिकाकडे पाठवताना कागदाच्या एकाच बाजूला सुवाच्य अक्षरात लिहावे. साभार परत आले तर चार दिवस बाजूला ठेवून पुन्हा वाचावे. दुसऱ्याची ओळ घेतली तर त्याचे नाव सांगावे. नरेंद्राने राजाला जे दिले नाही, ते आपण टाळ्यांसाठी देऊ नये.

शाळेसाठी एक गोष्ट तर बिनखर्चाची आहे. महिन्यातून एक शनिवार, शेवटचा तास, मुलांनी आपले लिहिलेले वाचायचे. त्यातले निवडक भिंतीवर लावायचे, आणि वर्षअखेर त्याचे हस्तलिखित बांधायचे. चित्र काढणारा चित्र काढील, अक्षर चांगले असणारी मुलगी लिहून काढील. ज्याने लिहून काढले त्याचेही नाव त्यावर घालावे. जनाबाईने घातले होते. आणि घरी गेल्यावर आजीला, आईला विचारून जात्यावरच्या दोन ओव्या लिहून आणा, असे मुलांना अवश्य सांगावे. गावातली जाती बहुतेक थांबली आहेत. ज्यांच्या ओठांवर त्या ओव्या आहेत त्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या. आपल्या गावातल्या बहिणाबाईला तिचा सोपानदेव अजून भेटायचा असेल, तर तो पाचवी-सहावीच्या वर्गात बसलेला असण्याचा संभव अधिक. त्याच्या हातात वही देणे तेवढे गुरुजींकडे आणि बाईंकडे आहे. येत्या शनिवारपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?